पुस्तकातल्या गावी, ह्यांच्यासोबत

३ मार्च

पोचलो एकदाचे! निघताना लेक म्हणत होती, "आई, बाबांना घरातली मोरी सापडत नाही, नि तू त्यांना परगावी नेतेस?" नेतेय. एकतीस वर्षं ह्यांनी कॉलेजात ही एकच कादंबरी शिकवली. पोरं पाठीमागे ह्यांना 'तळटीप' म्हणायची. त्या कादंबरीचं खरं गाव हे. इथे तरी मला ओळखतील, एवढ्याच आशेवर आलेय. आठ महिने झाले — "बाई, तुम्ही जेवलात का?" असं विचारतात मला. माझाच नवरा!

४ मार्च

गाव दाखवणारी मुलगी तरतरीत. चौकात थांबून म्हणाली, "हे कादंबरीतल्या घड्याळजीचं दुकान."

हे एकदम ताठ झाले. "साफ चूक! प्रकरण नववं. दुकान पुलाच्या खालच्या अंगाला. त्याला दिवसभर पाण्याचा आवाज येतो."

मुलगी ओशाळली. "खरंय, आजोबा. तिकडे गाड्या लावायला जागा नाही, म्हणून पाटी इकडे आणली."

सगळे हसले. हेसुद्धा! किती महिन्यांनी. मग पुढे हे, मागे आम्ही. कधी न पाहिलेल्या गावात एक वळण चुकले नाहीत. मला रडू आलं, नि आनंदानं मुळीच नाही. गल्लीबोळ आठवतात, आणि एकतीस वर्षं जिनं डबा भरून दिला ती नाही! पुस्तकावर जळायचं, ह्या वयात. धन्य माझी.

५ मार्च

ह्यांचे पाय सुजलेत. खोलीतच.

६ मार्च

आज पुलावर गेलो. कादंबरीत घड्याळजीची मुलगी वाट बघत उभी असते, बरोब्बर तिथे उभी राहिले. लाज सोडून विचारलं, "मी कोण, सांगा बघू."

ह्यांनी खूप वेळ पाहिलं. माझा जीव नुसता टांगणीला.

"बाई, जरा बाजूला होता का? मागून सायकल येतेय." आणि दंडाला धरून हळूच बाजूला केलं.

डॉक्टर म्हणाले होते, फार आशा धरू नका. धरली. आता बास. उद्या परत.

७ मार्च

सकाळी बॅग भरत होते. हे लॉजवाल्या बाईंना म्हणाले, "खोली अजून चार दिवस राहू द्या. माझी बायको येणार आहे. लग्न झालं तेव्हा तिला शब्द दिला होता, हे गाव दाखवीन म्हणून. आधी येऊन रस्ते बघून ठेवले. तिला फार चालवत नाही."

असा शब्द? मला आठवेचना. मग आठवलं — पहिल्याच उन्हाळ्यात, गच्चीवर कपडे वाळत घालताना. मी पार विसरले होते! मीच!

मग माझ्याकडे वळून, संकोचून: "बाई, तुम्ही माझं फार केलंत. पण आता निघालात तर बरं. ती येईल, तिला उगाच वाईट वाटेल."

बरं म्हटलं. बॅग घेऊन बाहेर पायरीवर बसलेय. आत हे दाढी करताहेत, तिच्यासाठी.