आईच्या अक्षराचा दगड

ताई,
आईच्या आठवणीसाठी तिच्या अक्षरात कोरायला घेतलेला दगड बिघडला. आई गेल्यापासून बाबांनी पाकिटात जपलेली तिची चिठ्ठी, ‘गॅस बंद केलात ना?’, अक्षरं नीट मधोमध येतायत का बघायला मी दगडावर ठेवली आणि काढायची विसरून लेझर चालू केला. मशीनने अक्षरावरून अक्षर बरोब्बर जाळलं. दगडावर नुसती काजळी, कागदावर अक्षरांच्या जागी भोकं.

चिठ्ठीचा फोटो आहे कॉम्प्युटरवर, पण बाबा कागदच मागणार. त्यांच्यासमोर उभं राहायचा धीर नाही गं. तूच त्यांना सांग. कसं, ते मलाही सुचत नाही. कागद सुईदोऱ्याच्या डब्यात आहे, पंखा लावून उघडू नकोस.

मी जरा बाहेर जातोय. गॅस बंद केलाय. दोनदा बघितला.