आठ गाणी, एक चाल

२ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. पण मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे.

प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन. वार्षिक कार्यक्रमाला संगीत नाटक हवंय. त्यांचे शब्द : "सर, बाईंना विचारा ना, जमेल का. शाळेला त्यांची फार आठवण येते." बाई म्हणजे ही. हिने त्या शाळेत जन्मभर संगीत शिकवलं. मुख्याध्यापिका तेव्हा नवीन लागलेल्या, हिच्या हाताखाली. पण संगीत नाटकात आधी नाटक असतं, संगीत मागून येतं. म्हणजे बोलावणं मला आहे. सरळ विचारायला संकोच वाटला असणार.

कादंबरी ठरली. नावाड्याच्या तीन पिढ्या, नदीवर होणारा पूल, सातशे पानं. हायस्कूलमध्ये मी ती रिटायर होईपर्यंत शिकवली. मुलं झोपायची. तो वयाचा दोष. लहानपणीच धरायला हवं होतं.

५ नोव्हेंबर, सकाळी
संकल्प : रोज सहा ते नऊ लेखन. चहा एकदाच. फोन घ्यायचा नाही.

साडेनऊला उठलो. काल विचार फार झाला.

हिने चहा आणला. दहा मिनिटांनी परत आणला. दोन्ही प्यालो. आणलेला चहा परत पाठवणं बरं दिसत नाही.

१४ नोव्हेंबर
पहिला अंक पूर्ण. वाचायला दीड तास. एकूण अंक पाच.

शाळेत वाचन केलं. तिसरीच्या वर्गशिक्षिका मध्येच म्हणाल्या, "सर, यात एक खून आहे, दोन आत्महत्या आहेत आणि दुष्काळ आहे. आमची मुलं आठ वर्षांची आहेत." मी म्हणालो, अभिजात आहे. त्या म्हणाल्या, असेल, पण पालक येणार आहेत.

तडजोड केली. खुनाऐवजी जोराचं भांडण. आत्महत्या करणारे दोघे मावशीकडे राहायला जातात. दुष्काळावर मात्र मी ठाम राहिलो. दुष्काळ आहे. फक्त मध्ये पाणी प्यायची सुट्टी आहे.

२० नोव्हेंबर
पहिली चाल लागली. नावाड्याची बायको पैलतीरी बघत उभी असते, ते गाणं. ही खिडकीपाशी पेटी घेऊन बसली. बोटं नुसती फिरवत होती, आणि मग एकदम ती चाल. इतकी साधी की आपण कधीतरी ऐकलीच आहे असं वाटावं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शब्द चांगले उतरले आहेत.

२९ नोव्हेंबर
दुसऱ्या आणि तिसऱ्या गाण्याला एकाच बैठकीत चाली. तिन्ही जवळजवळ सारख्या. म्हणजे सारख्याच. मी म्हणालो, अगं, ही तर पहिल्या गाण्याची. ही म्हणाली, "छे, ही आत्ता सुचली." आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की मी आंघोळीला निघून गेलो.

आंघोळीच्या वेळी लक्षात आलं. नदी एकच आहे ना! पिढ्या तीन, नदी एक, म्हणून चाल एक. केवढा खोल विचार. कलावंताला स्वतःचं स्वतःला कळत नाही, समजावून सांगणारा लागतो.

लेकीचा फोन. "बाबा, आईने फोनवर तीनदा विचारलं मी जेवले का. डॉक्टरांकडे नेलंत का तिला?" म्हटलं, वय झालं की सगळेच विसरतात, मी सुद्धा चष्मा शोधत हिंडतो. ती म्हणाली, "चष्मा शोधणं वेगळं, बाबा." नाटक होऊन जाऊ दे, मग बघू म्हणालो. काळजी करण्याचा लेकीचा स्वभावच आहे. आईवर गेलीय.

८ डिसेंबर
पहिली रिहर्सल. पात्रयोजना करायला गेलो. सगळ्यांना मगर व्हायचंय. कादंबरीत मगर नाही हे मी शांतपणे, पान क्रमांकांसकट समजावून सांगितलं. एक मुलगी रडली. तिचं बघून दुसरी.

आता एक मगर आहे. रूपकात्मक.

ही मात्र मुलांत रमली. खाली बसली, दोघं मांडीवर, एक पाठीला. आठही गाणी मुलं अर्ध्या तासात शिकली. शाळेत असं कधी झालेलं नाही. वर्गशिक्षिका मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "सर, सगळी गाणी एकाच चालीत आहेत." मी नदीचं सांगितलं. त्या हिच्याकडे बघत राहिल्या. प्रभावित झालेल्या दिसल्या.

१५ डिसेंबर
मुख्याध्यापिका म्हणतात, नाटक वीस मिनिटांत बसवा, नंतर बक्षीस समारंभ आहे. तीन पिढ्यांची एक केली. दुसऱ्या पिढीचा मला तसा कंटाळाच होता. सार काढणं हीच खरी कला.

मगरी सहा झाल्या.

आज ही रिहर्सलला एकटी पुढे निघाली आणि आमच्या जुन्या घरी पोचली. ते घर सोडून जमाना झाला. तिथल्या बाई भल्या. हिला पाणी दिलं, माझा नंबर हिच्या पर्समधून शोधून फोन केला. मी आणायला गेलो तर ही बाहेरच्या पायरीवर बसलेली, चपला काढून शेजारी नीट ठेवलेल्या. "आपली किल्लीच लागत नाही हो," म्हणाली.

पायांची सवय. मलाही बँकेत जाताना असं होतं. परतताना बसमध्ये हिने सगळा वेळ माझी बाही धरून ठेवली होती. थंडी असेल.

संकल्प : उद्यापासून हिला स्वेटर घालायला लावणे.

२२ डिसेंबर, दुपारी
लेक आली. न कळवता. आल्या आल्या फ्रिज उघडून बघितला. आत तीन पातेल्यांत भात. मी म्हटलं, मला शिळा भात आवडतो. म्हणाली, "बाबा, तुम्हाला दिसतंय सगळं." म्हटलं, मला सध्या शेवटचा प्रवेश तेवढा दिसतोय, नावाडी आणि इंजिनिअर यांचा समेट कसा घडवू ते सांग. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. भांडी तर सकाळीच घासून झाली होती. पाण्याची नासाडी.

समेट मगरींकडून घडवला. उत्तम झाला.

३० डिसेंबर
मुख्याध्यापिका घरी येऊन गेल्या. फार आढेवेढे घेत म्हणाल्या की प्रयोगाला रेकॉर्डेड संगीत वापरू या का, बाईंना दगदग नको. मी साफ नाही म्हणालो. हिची पेटी नसेल तर माझं नाटक नाही. हे मी हिच्यासाठी म्हणालो. ही शेजारीच बसली होती, बोटांनी शालीचा काठ गोळा करत, सोडत, गोळा करत. "वाजवीन मी," म्हणाली. "यांनी एवढं लिहिलंय."

जाताना मुख्याध्यापिका हिच्या पाया पडल्या. नवीन वर्षाचं निमित्त असावं.

५ जानेवारी
प्रयोग झाला. टाळ्या पडल्या.

एवढंच लिहून थांबणार होतो. पेन ठेवलं होतं. परत घेतलं.

पहिली दोन गाणी झकास झाली. तिसऱ्याच्या मध्यात ही थांबली. मुलं पेटीशिवाय गात राहिली. मला वाटलं, मुद्दाम, परिणामासाठी. मग ही उठली, पायऱ्या चढून रंगमंचावर गेली, एका मगरीच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली. उभी राहून दोनदा टाळी वाजवली. "चला, रांग करा. हात धुवायचेत. ढकलाढकली नको."

काय आवाज होता. किती वर्षांत ऐकला नव्हता. नावाडी, इंजिनिअर, दुष्काळातली माणसं, सहाच्या सहा मगरी, सगळे निमूट रांगेत उभे राहिले आणि हिच्या मागोमाग विंगेतून बाहेर गेले. रंगमंच रिकामा. पालकांना वाटलं, संपलं. टाळ्या त्या.

मी विंगेत होतो. माझ्या अंगाला अंग घासून गेली ही. बघितलं नाही माझ्याकडे.

मैदानाच्या कडेला नळ आहेत, तिथे सापडली सगळी. एकेकाचे हात धुऊन शालीला पुसत होती. मगरींचा हिरवा रंग कोपरापर्यंत लागला होता हिला. मुलं मजेत होती. मला बघून म्हणाली, "अहो, शाळा केव्हाची सुटली. यांचे आईवडील कसे आले नाहीत अजून?"

मी म्हणालो, "अगं, नाटक..." आणि पुढे काही सुचेना. सातशे पानं तोंडपाठ आहेत मला.

तेवढ्यात मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी नळ बंद केला, हिचे ओले हात आपल्या हातांत घेतले. म्हणाल्या, "बाई, तुम्ही दमलात. आज मुलांना सोडायची पाळी माझी आहे." ही म्हणाली, "नीट सोड हं. पालक दिसल्याशिवाय सोडू नकोस." "हो बाई," म्हणाल्या त्या, आणि तोंड फिरवलं.

मागे वळलो तर लेक उभी होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "बाबा, मी वेळ घेतलीय डॉक्टरांची. शुक्रवारची." बरं म्हणालो.

९ जानेवारी
डॉक्टर तरुण आहेत. हिला तारीख विचारली, वार विचारला. ही नुसती हसली. मग मला विचारलं, हे कधीपासून आहे? मी म्हणालो, नाटकाच्या दिवसापासून. धकाधकी फार झाली त्या दिवशी. लेक जमिनीकडे बघत होती.

ही म्हणाली, "नाही हो डॉक्टर. बरेच दिवस झाले. मला कळत होतं." डॉक्टर म्हणाले, मग घरात सांगितलं नाहीत? ही माझ्याकडे बघून म्हणाली, "यांना कसं सांगणार. यांचं नाटक चाललं होतं. फार दिवसांनी खुशीत होते."

डॉक्टर लिहीत राहिले. गोळ्यांची नावं लेकीला समजावून सांगितली, मला नाही.

बाहेर आलो. रस्ता ओलांडताना हिने माझा हात धरला आणि लेकीला म्हणाली, "यांच्याकडे लक्ष ठेव गं. यांना भीती वाटते. बोलत नाहीत, पण वाटते."

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी छे म्हणणार होतो.

वाटते, म्हणालो.