चोर कोण, ते राहिलंय

साखरशेत, ता. जव्हार
२० ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, पुढचं वाच.

तू वाडीतल्या माघ्याच्या हाती वसईहून पाठवलेलं पुस्तक पोचलं. गिरणीवाल्या यमुनाकाकूंचा नवा भाग! चिठ्ठी असेल म्हणून मी पानं झटकून पाहिली. नव्हती. तीन वर्षं पुस्तकं पाठवतोस, पण दोन ओळी लिहीत नाहीस, फोनही उचलत नाहीस. कमाल आहे बाबा तुझी.

बरं, ऐक. या भागात भर लग्नात बँडचा ढोल चोरीला जातो. वरात अडलेली, नवरदेव घोड्यावर रडकुंडीला, आणि फौजदार चादर टाकलेल्या एका गोल बैठकीवर बसून जबान्या घेतोय. यमुनाकाकू दळण सोडून येतात नि म्हणतात, "साहेब, जरा उठा बघू." उठतो तर खाली ढोल! तो तिथे दडवला कुणी, ते मात्र शेवटच्या प्रकरणात. आये इतकी हसली, इतकी हसली, की मला पुस्तक टाकून तिला धरावं लागलं.

तिला धरावंच लागतं आता. उठताना, बसताना. मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, आवडेल ते खायला द्या. खाते कुठे? पेजसुद्धा दोन घोट. हे पहिल्या ओळीतच लिहायला हवं होतं, पण हातच चालेना.

वाचायची पद्धत तूच घालून दिलेली. शेवटच्या प्रकरणाआधी पुस्तक मिटायचं, ज्याने त्याने आपला चोर सांगायचा, चुकेल त्याने सकाळी सगळं पाणी भरायचं. मी म्हटलं, नवरदेवाचा मामा. आये म्हणाली, "नाय गो, नवरदेवच. त्यालाच लगीन नको." मी पान उलटणार, तर तिने पुस्तकावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे. हे पण नवंच हाय. घरचे समदे बसल्याबिगर नवं खातात का?"

दादा, भाताचं नवंही तिने अजून करू दिलेलं नाही. वाडीत सगळ्यांनी नवा तांदूळ देवाला दाखवून खाल्ला. आमचा कणगीत तसाच आहे, आम्ही जुनाच शिजवतोय. तू घरी न विचारता जयश्रीवहिनीला पोशेऱ्याहून लग्न करून आणलंस, तेव्हा आये दारातच म्हणाली होती, "माझ्या घरचं नवं हिला मिळायचं नाय." तू आल्या पावली निघून गेलास. तुझा राग खोटा नव्हता. आयेचा मलाही राग आला होता, अजून येतो. आणि ती झोपली की मी तिची छाती हलतेय का बघत बसते. मला भीती वाटते रे.

हे लिहायला बसले तर आये पडल्या पडल्या म्हणाली, "शेवट त्यानंच वाचायचा, असं लिव." मी लिहिलं. मग तिने डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला.

"आन जयश्रीला इचार, तिला कोण चोर वाटतो. तिचापण धरायचा."

वहिनीचं नाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

माघ्या उद्या सकाळच्या एसटीने निघतोय, त्याच्याजवळ हे पत्र देते. मिळाल्या मिळाल्या दोघंही निघा. नव्याची चार पानं वाढायची आहेत. पुस्तक थांबेल रे. आयेचं मला सांगता येत नाही.

तिच्या उशाशी बसलेली,
करिष्मा