गाळलेला 'आ'

प्रिय आईस,

मी सुखरूप आहे. बुर्गोसजवळच्या या गावात आम्ही स्पेनच्या यादवीत मारून पुरलेल्यांची हाडं उकरून काढतोय.

स्पॅनिशमध्ये वस्तू नुसती शोधतात, माणसाच्या आधी मात्र 'आ' लावावा लागतो. आपल्या इंग्रजीत असलं काही नाही, म्हणून मी विसरते.

काल खड्ड्याच्या काठावर बसलेल्या म्हाताऱ्या विसीबाईंना म्हणाले, "तुमचे वडील शोधतोय."

त्या फटकन म्हणाल्या, "पोरी, वडील नव्हे, वडिलांना! माझी काही छत्री हरवलेली नाही."

आज ते सापडले. कोटाची एक वेगळी गुंडी बघून बाईंनी ओळखलं. ती त्यांच्या आईने शिवली होती. मी माती झाडू लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "सावकाश गं, दुखेल त्यांना."

बाबांचा खोकला कसा आहे? खरं कळव.

तुझी,
हेझल