पहिल्या रात्रीचे अकरा

२ ऑगस्ट
बातमी खरी निघाली. ‘ओले मोजे’ चोवीस तारखेला ला प्लाताच्या जुन्या रेल्वे गोदामात वाजवणार. शेवटचा कार्यक्रम, मग बँड बंद. दोन तिकिटं काढली. एक माझं, एक आयलेनचं. पोरगी सोळाची झाली. आईकडे राहते, शनिवारी माझ्याकडे येते आणि मोबाइलमध्ये डोकं घालून बसते. आता कळेल तिला आपला बाप कोण आहे ते.
नोंद असावी म्हणून लिहितो: २००६ साली आमच्या बेरिस्सोच्या क्लबात त्यांचा पहिला कार्यक्रम झाला तेव्हा मोजून अकरा माणसं होती. त्यातला एक मी. शिवाय त्या रात्री त्यांच्या विजेचंही मीच बघितलं होतं.

३ ऑगस्ट, शनिवार
आयलेनला सांगितलं. म्हणाली, पपा, एवढा वेडा आहेस तर अठरा वर्षांत परत एकदाही का नाही गेलास? कारणं दिली. २००९ला कंबर. २०१३ला मॅच. २०१७ला पाऊस. शिवाय गर्दी वाढली की खरा माणूस मागेच राहतो. ती ‘हं’ म्हणाली.
मग पहिल्या रात्रीचं ‘ते’ गाणं गुणगुणून दाखवलं. लहानपणी ती याच्यावर झोपायची. त्या रात्रीनंतर त्यांनी ते ना कधी वाजवलं, ना रेकॉर्ड केलं. दुसऱ्या कडव्यात ‘जिन्यावर तुझी छत्री’ इथे ते धाडकन तुटतं. तिने नेहमीचंच विचारलं, पुढे काय? पुढे काही नाही. तिथेच संपतं. यालाच कला म्हणतात.

५ ऑगस्ट
निश्चय. दोन तास उड्या मारायच्या तर दम हवा. रोज सकाळी चौकाला दोन फेऱ्या, पळत. चोवीस तारखेपर्यंत त्रुको बंद, पत्त्यांना हात लावणार नाही.

६ ऑगस्ट
कोपऱ्यापर्यंत पळालो. गुडघा. ऑगस्टच्या ऐन हिवाळ्यात पळणं मुळात चुकीचंच. संध्याकाळी क्लबात काचोच्या पत्त्यांच्या टेबलावर चौथा गडी कमी होता, म्हणून बसलो. माणुसकी म्हणून एक गोष्ट असते.

१० ऑगस्ट
कार्यक्रमाला झेंडा पाहिजेच. झेंड्याशिवाय जाणं म्हणजे वाढदिवसाला रिकाम्या हाताने जाणं. डबलबेडची चादर घेतली, निम्मी तशीही वापरात नाही. दुकानातला लोखंडाला लावायचा लाल रंग आणला. मजकूर: ‘बेरिस्सो २००६. पहिल्या रात्रीपासून हजर.’
काचो आला. तोही त्या अकरातलाच, माझा भिडू, समोरच बसला होता. वाचून खोकला येईपर्यंत हसला. म्हणाला, शहाण्या, हे घेऊन त्या पोरांसमोर उभा राहणार तू? मग प्लगचं चित्रही काढ की! त्याला तिकीट मिळालेलं नाही. जळतो.

१४ ऑगस्ट
बँडला मेसेज पाठवला: ‘मी पहिल्या रात्रीचा विजेवाला.’

१७ ऑगस्ट
उत्तर आलं! खुद्द गास्पारचं, म्हणजे गायकाचं. ‘तुम्हीच ते?? नक्की या. झेंडा असेल तर आणा, म्हणजे ओळखू येईल.’ दोन प्रश्नचिन्हं. केवढी ती आपुलकी!
आयलेनने वाचलं आणि मोबाइल खाली ठेवला. स्वतःहून. मग रंगाचा दुसरा हात तिनेच मारला. वर्गातल्या मुलींना सांगून टाकलंय म्हणे, माझे पपा बँडच्या ओळखीचे आहेत. नाकाला लाल रंग लागला होता तिच्या. मी किती वर्षांनी इतका खुशीत आहे ते इथे लिहीत नाही.

२४ ऑगस्ट, दुपारी
निघतो. गुडघ्याला पट्टी बांधली आहे.

२५ ऑगस्ट, सकाळी
घडलं तसं लिहितो.
अगदी पुढे जागा मिळाली. झेंड्याची एक काठी माझ्याकडे, एक आयलेनकडे. दुसऱ्या गाण्याला गास्पारने झेंडा वाचला आणि हसला. आयलेन ओरडली, पपा, त्याने बघितलं! तिने माझा हात धरला. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे.
मग त्याने गिटार थांबवली आणि गोष्ट सांगितली. बेरिस्सोचा क्लब, आमचा पहिला कार्यक्रम, अकरा माणसं. त्यातली चार पत्ते खेळत होती. गाणं निम्म्यावर आलं आणि त्यातले एक काका उठले, म्हणाले, अरे बाबांनो, मला भिडूचं ऐकू येत नाहीये. आणि त्यांनी प्लगच उपटला. अठरा वर्षं ते गाणं अर्धं राहिलं. ते काका आज आलेत, त्या लाल अक्षरांखाली उभे आहेत. काका, आज पूर्ण करतो, तेवढं प्लगपासून लांब राहा.
तीन हजार माणसं हसली. टाळ्याही वाजवल्या. वाईट कुणी बोललं नाही.
आयलेनने हात सोडला. मी तिला तिथल्या तिथे समजावलं की व्होल्टेज गडबडत होतं, अपघात झाला असता. आणि हातात तलवारीचा एक्का होता, त्रुकोतलं सगळ्यात मोठं पान. तलवारीचा एक्का काही रोज येत नाही. ती स्टेजकडे बघत होती.
गाणं सुरू झालं. मी काठी शेजारच्याला दिली आणि बाहेर आलो. गुडघा. सॉसेजच्या गाडीपाशी उभा राहिलो. भिंतीतून फक्त ड्रम ऐकू येतात.

२७ ऑगस्ट
काचोला सांगितलं, गास्पारने तीन हजार लोकांसमोर गाणं मला अर्पण केलं. यात खोटं काहीच नाही. त्याने विचारलं, पुढचं कडवं कसं आहे? उत्तम, म्हटलं.

३१ ऑगस्ट, शनिवार, दुपारी
आयलेन आली. येईल असं वाटलं नव्हतं. चादर धुतली, लाल रंग गेला नाही. अक्षरं खाली करून तिने ती माझ्या बेडवर घातली.
मग ‘माते’साठी, म्हणजे आमच्या कडू चहासाठी, पाणी तापवताना गुणगुणायला लागली. जिन्यावरची छत्री आली, आणि ती पुढे गेली. मी दारात उभा. मला बघून थांबली. पुढे काय, मी विचारलं. म्हणाली, बस पपा. नीट बस, लांब आहे. पूर्ण म्हणते.
खुर्ची ओढली. तेवढ्यात काचोचा फोन. चौथा गडी कमी. आयलेनला म्हटलं, पाच मिनिटांत आलो.

३१ ऑगस्ट, संध्याकाळी ७
आयलेन आईकडे गेली. पाणी गार झालंय. एक्का आलाच नाही.