विहिरीपर्यंतचा उजेड

३० नोव्हेंबर १९५५
पोचलो एकदाचा! मानोऱ्याहून रामधनच्या गाडीत हाडं खिळखिळी झाली, पण बाग पाहिली आणि सगळं विसरलो. संत्र्यांचा आंबिया बहार असा धरलाय की फांद्यांना टेकू लावलेत. लहानपणी अकोल्याच्या स्टेशनावर डोक्यावर टोपली घेऊन संत्री विकायचो. आता तोडणी होईपर्यंत अख्खी बाग माझ्या ताब्यात. छाती फुगली, खोटं कशाला लिहू!

राहायला बागेतच कुडाची खोली. एक दार, मागे एक खिडकी. दारात उभं राहिलं की समोर संत्र्याच्या ओळी, मग विहीर, मग धुरा, म्हणजे शेताचा बांध, आणि त्यापलीकडे पार टोकाला आंबा. मानोऱ्याची गाडवाट त्या आंब्याखालून येते, विहिरीला लगटून जाते आणि पुढे फुटते. एक फाटा तांड्याकडे, एक माझ्या दारी. खोलीच्या मागे नाला. रामधन तांड्यातलाच, रखवालीला ठेवलाय. त्याची म्हातारी आई गोमतीबाई मला भाकर करून देते. भाकर झकास, ठेचा त्याहून झकास.

अडचण एकच. माझे कान तिखट आहेत. अर्ध्या बागेपलीकडे कुणी देठ मोडला तरी मला कळतो. पण कंदील घेऊन पोचेपर्यंत चोर पसार, किंवा रोही, म्हणजे नीलगाय, कुंपणापार. ऐकू येतं आणि दिसत नाही, यासारखा वैताग नाही. बॅटरी घ्यावी लागणार.

२ डिसेंबर
बॅटरी निवडणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. मानोऱ्याच्या दुकानदाराने आधी दोन सेलची दिली. खिशात मावते, पण उजेड कावीळ झाल्यासारखा. पहिल्या ओळीतच दम तोडतो. परत केली. मग पाच सेलची काढली. मारा दांडगा, पण हे मुसळ एका हातात धरलं तर काठी कशात धरू? मी म्हणालो, खिशात मावेल आणि आंब्यापर्यंत पोचेल अशी दे. तो गिऱ्हाइकांसमोर हसून म्हणाला, "शेटजी, तुमाले बॅटरी पाह्यजे का रेल्वेचं इंजिन?"
रिकाम्या हाताने परत. येताना कानावर पडलं की वाशीमला नवा माल आलाय.

४ डिसेंबर
मिळाली! वाशीमला तीन दुकानं पालथी घातली. कणसाएवढी, कोटाच्या खिशात बसते, आणि तोंड फिरवलं की झोत आवळतो. दिवे लागल्यावर दारात उभा राहून मारली. ओळीओळीतली संत्री पेटत गेली, विहिरीचा काठ, धुरा, आणि टोकाला आंब्याची पानं वेगवेगळी दिसली. असा आनंद मला लग्नात झाला नव्हता.

तेवढ्यात रामधनने चक्क काचेवर हात ठेवला. "शेटजी, पायापाशी मारा. लंबी नोका मारू." कायले म्हणून विचारलं तर पुन्हा तेच. तांड्यात सगळेच कंदील गुडघ्याखाली धरून चालतात, हे मीही पाहिलंय. पण मी काही कालचा नाही. लांब उजेड कुणाला नको असतो? ज्याला लांबची संत्री हवी असतात त्याला. हसलो, त्याच्या हातावर एक संत्रं ठेवलं आणि पुन्हा आंब्यावर झोत मारला.

६ डिसेंबर
आज आंबा दिसला नाही. झोत धुऱ्यापर्यंत जातो आणि तिथे संपतो. विरत नाही, संपतो, कुणी कात्री लावावी तसा. म्हणजे दुकानदाराने जुने सेल गळ्यात मारले. मी, ज्याने आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या टोपलीत तळाला बारकी संत्री घातली, तो फसलो! नवे सेल मागवले.

७ डिसेंबर
नवे सेल घातले. आज धुराही दिसला नाही.
काच पुसली, बल्ब बदलला, स्प्रिंग ताणून पाहिली. रामधन दारात बसून बघत होता. म्हणाला, तुमी दररोज मारून राह्यले, म्हणून ते येऊन राह्यलं. काय येऊन राह्यलं, ते सांगेना. मी चिडलो. बॅटरी घेतल्यापासून एक संत्रं वाचलं नाही, आणि वर हे कोडं!

८ डिसेंबर
तडक मानोऱ्याला, आधीच्याच दुकानदाराकडे. संध्याकाळी त्याने बॅटरी बाजाराच्या एका टोकाहून मारली. पार दुसऱ्या टोकाच्या लिंबावरचे बगळे उठले. लोक हसले. "बॅटरी फस्कलास हाय शेटजी. डोये दाखवा कोनाले तं."

परत आलो. दारातून मारली. विहिरीचा काठ दिसतो, त्यामागे काहीच नाही. मागच्या खिडकीतून नाल्याकडे मारली, तर पलीकडच्या टेकडीवरचे दगडसुद्धा दिसले. पुन्हा दारातून: विहीर, आणि संपलं.
म्हणजे बॅटरीत खोट नाही.
विझवून कान दिले. नाल्याकडे रातकिडे, तांड्याकडे रातकिडे. विहिरीकडे एकही नाही. तिकडून एरवी येतं ते कुत्र्यांचं भुंकणंही येत नव्हतं. उजेड जिथे संपतो, तिथेच आवाजही—

९ डिसेंबर
सकाळी विहिरीपाशी रोही मरून पडलेला. अंगावर ओरखडा नाही. गिधाडं धुऱ्यावर बसून होती दिवसभर. एकही खाली उतरलं नाही.

गोमतीबाई आली. भाकर न ठेवता आधी शिव्या घातल्या. माझी आई असती तर अशाच घातल्या असत्या. "बाप्पा, उजेड म्हंजे वाट असते. तू इकडून टाकली, तिकडून ते चालत आलं. आता तरी बंद ठेव!" तिला त्याचं नाव विचारलं. नाव नाही म्हणाली. दिवसा नसतं. दिवस बुडाला की असतं. उजेड मिळाला तर पुढे सरकतं, नाही मिळाला तर आहे तिथेच उभं राहतं.
मला पाच दिवसांपूर्वी हे कुणी नीट सांगितलं असतं तर! पण सांगितलं होतं. मीच चोर ठरवला माणसाला.

११ डिसेंबर
दोन दिवस बॅटरी पेटीत. दिवस बुडाला की दार बंद. अंधार पडल्यावर विहिरीकडे कुणी जात नाही. ते तिथेच आहे. मला ऐकू येतं, म्हणजे ऐकू येत नाही, त्यावरून कळतं.
तोडणी उरकून निघून जायचं ठरवलं. बाग गेली खड्ड्यात.

१२ डिसेंबर
दुपारी पत्र. टपालात तीन दिवस अडकलेलं. मंडळी येताहेत, बायको आणि पोर. आजच! विजयमाला लिहिते, कंटाळा आला, बाळीला घेऊन निघते, मानोऱ्याला भाड्याची गाडी करीन, तुम्ही उगाच धावपळ करू नका.
रामधनला त्याच पावली पिटाळला. त्यांना मानोऱ्यालाच थांबव म्हणालो. तो पळतच गेला.

दिवस बुडाला. रामधन नाही.

आत्ता लक्षात आलं. तो पायवाटेने गेला. लवकर पोचावं म्हणून. गाडी येईल गाडवाटेने. चुकामूक! एक गोष्ट धड होईल तर शपथ.

गोमतीबाई फाट्यावर कंदील खाली धरून उभी आहे. त्यांना तांड्यात नेईल. पण फाटा विहिरीच्या अलीकडे. त्यांना आधी विहिरीवरूनच—

घुंगरं. आंब्याच्या बाजूला, दबकी, माझ्या कानांना जेमतेम लागतात. माझी ओरड पोचत नाही, मध्ये ते आहे, आवाज गिळतं. नाल्यातून वळसा घालायला वेळ नाही.
ते उजेडावर चालतं ना. मग माझ्याकडे चालू दे.

दार उघडलं. बॅटरी उंबऱ्यावर ठेवली आहे, झोत विहिरीवर. उठून पळू नये म्हणून लिहीत बसलो आहे. कंदील शेजारी.
विहीर दिसेनाशी झाली. ये.
शेवटची ओळ गेली. ये, ये बाबा.
मधली ओळ—

घुंगरं उजवीकडे सरकली, आता मोकळी ऐकू येतात. चाक कुरकुरतंय. विहिरीपाशी. बाळी रडते आहे. विजयमाला गाडीवानाला झापते आहे, हळू हाक म्हणून. काय गोड आवाज तिचा. बारा वर्षांत कधी—

दारापुढचं झाड गेलं.

गाडी वळली. गोमतीबाईच्या हाका. तांड्याकडे. गेली, गेली. सुटलो. आता बंद करतो

बटण दाबलं. चालू आहे की बंद, कळत नाही. काच गरम लागते. उजेड काचेबाहेर येतच नाही. उंबरा दिसत नाही

घुंगरं थांबली. नाही, मलाच ऐकू— टाकाचा आवाजही नाही कागदावर

कंदिलाची वात मोठी केली तरी