जुळ्यांच्या खुर्च्या

अकोला, रविवार, १९ जानेवारी १९५८

सागवानी खुर्च्या दोन, बाजूंना उंच फळ्या, चामड्याचे पट्टे. सगळे माझ्या हातचे, कोणाकडे न शिकता. मुलीची जुळी, गणू आणि चिंगी, दोन वर्षांची. आज बाळापूरच्या जत्रेत पाळण्यात बसवायची म्हणून.

पाळण्यात दोन्ही खुर्च्या शेजारी-शेजारी बसवल्या, समोर मी. सूतभरही हलल्या नाहीत. पण पाळणा वर चढताच दोघांनी भोकाड पसरले. खालून हिची हाक, "अवो, उतरवा त्याईले! लेकरं भेऊन राहिले!"

पाळणेवाल्याने पाळणा थांबवला. "मिस्त्री, खुर्च्या झकास हायेत, बसनारेच राजी नाईत!"

कान तापले. मापात चूक? पट्टा काचतो? पट्टा तर सैलच होता. मग दिसले, चिंगी फळीपलीकडे मान काढून गणूला शोधते आहे. घरी दोघे समोरासमोर बसल्याशिवाय घास घेत नाहीत. हे मी कसे विसरलो?

गणूची खुर्ची समोर माझ्या जागी नेली, मी चिंगीशेजारी बसलो. मग नुसते खिदळणे. चार फेऱ्या झाल्या तरी उतरेनात. हिला सांगितले, आधीपासून तसेच ठरले होते. खोटे का सांगितले कोण जाणे.

निघताना पाळणेवाल्याने दोन्ही खुर्च्या मागितल्या, रोख साठ रुपयांना. नाही म्हणालो.